‘प्रकल्पातून विकसित झालेली कौशल्ये’ या शीर्षकाखाली नेमके काय लिहावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नववीतील एका विद्यार्थ्याच्या गटाने जलसुरक्षा या श्रेणी विषयासाठी शाळेतील गळक्या नळांतून वाया जाणाऱ्या पाण्याचा प्रकल्प केला. अहवालाच्या शेवटी ‘प्रकल्पातून विकसित झालेली कौशल्ये’ या शीर्षकाखाली प्रत्येकाने स्वतंत्रपणे दोन पाने लिहायची होती. त्याने लिहिले, ‘या प्रकल्पामुळे माझ्यात नेतृत्वगुण, सहकार्याची भावना, वेळेचे नियोजन, संवादकौशल्य आणि सर्जनशीलता या गुणांचा विकास झाला.’ पुढे या पाच गुणांचे महत्त्व सांगणारे परिच्छेद होते. शिक्षकांनी ‘यात तू कुठे आहेस?’ एवढाच शेरा मारून वही परत केली. आता काय लिहावे, आनंद मेळाव्यासारख्या जुन्या उपक्रमांबद्दलही लिहावे का आणि खरोखरच काही शिकलो नसलो तर काय करावे, असे त्याने विचारले आहे. प्रकल्पाची हकिगतही त्याने सोबत पाठवली आहे, तिचाच आधार घेऊन उत्तर देते.

उत्तर :

शिक्षकांचा शेरा कडक वाटला तरी योग्य आहे. तुझे वाक्य चुकीचे आहे असे त्यांना म्हणायचे नसावे. ते वाक्य तुझ्या गटातील पाचही जणांच्या वहीत, शेजारच्या तुकडीने केलेल्या प्लॅस्टिकच्या प्रकल्पात किंवा वृक्षारोपणाच्या अहवालात, एक अक्षरही न बदलता चिकटवता येते, ही त्यांची अडचण आहे. शालेय प्रकल्पांच्या वह्या तपासण्यात आणि विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून मुलांशी बोलण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. ‘नेतृत्वगुणांचा विकास झाला’ या ओळीवर तपासणाऱ्याचे डोळे क्षणभरही थांबत नाहीत, हे मी खात्रीने सांगू शकते. म्हणून गुणांची नावे बाजूला ठेव आणि तू केलेली एखादी कृती लिही. तीही सगळे सुरळीत पार पडले तेव्हाची नको. जिथे काम अडले, तिथे तुला काहीतरी ठरवावे लागले आणि त्या ठरवण्यामुळे प्रकल्पात काही बदलले, अशी जागा शोध. कौशल्य दिसते ते अशाच जागी.

तुझ्या हकिगतीत अशी जागा आहे, आणि आश्चर्य म्हणजे तिचा तुझ्या दोन पानांत उल्लेखही नाही. तू लिहितोस की तळमजल्यावरच्या नळाखाली तुम्ही २५० मिलिलीटरचे मोजपात्र ठेवले आणि ते १० मिनिटांत भरले. त्यावरून तासाला दीड लीटर आणि दिवसाला ३६ लीटर असा हिशेब करून तो आकडा तक्त्यावर लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिला. पुढे तू जाता जाता सांगतोस की मधल्या सुट्टीनंतर एका मैत्रिणीने पुन्हा मोजले, तेव्हा तेच पात्र भरायला साडेबारा मिनिटे लागली. ‘मग कोणता आकडा खरा यावर आमचा वाद झाला.’ आणि त्यानंतर एक वाक्य : ‘शिपाईकाकांनी सांगितले की संध्याकाळी पाचला टाकीचा कॉक बंद करतात आणि सकाळी सातला उघडतात, म्हणून आम्ही तक्ता बदलला.’

या तीन वाक्यांत तुझ्या दोन पानांचा सगळा ऐवज आहे. तो नीट उलगडून पाहू. साडेबारा मिनिटांच्या मोजमापाने तासाला १.२ लीटर पाणी जाते. सकाळच्या मोजमापाने दीड लीटर जाते. दोन्ही मोजमापे प्रामाणिकपणे केलेली असतील तर एक खरे आणि दुसरे खोटे ठरवण्याची घाई करण्याऐवजी फरक का पडला हे विचारायला हवे. सकाळी टाकी भरलेली असते आणि दुपारपर्यंत वापरामुळे पातळी उतरते. पातळी उतरली की नळावरचा दाब कमी होतो आणि गळतीही मंदावते. हे कारण असावे असा अंदाज तुमच्यापैकी कोणी बोलून दाखवला होता का? टाकीत डोकावून पातळी पाहिली होती का? पाहिली असेल तर ते लिही, पाहिली नसेल तर ‘हे कारण असावे, पण आम्ही ते तपासले नाही’ असे लिही. या दुसऱ्या वाक्याला कमीपणा मानू नकोस. परीक्षक म्हणून मला ते वाक्य ‘चिकित्सक वृत्तीचा विकास झाला’ यापेक्षा कितीतरी अधिक सांगते.

कॉकची माहिती तर त्याहून महत्त्वाची. कॉक दिवसातून दहाच तास उघडा असेल तर चोवीस तासांचा गुणाकार मुळातच चुकीचा होता. पाइपात उरलेले थोडे पाणी सोडले, तर त्या नळातून दिवसाला १२ ते १५ लीटर पाणी जाते, ३६ नव्हे. म्हणजे तुमचा पहिला आकडा प्रत्यक्षाच्या दुपटीहून अधिक होता, आणि तो कमी करण्याचा निर्णय तुम्ही घेतलात, तोही प्रदर्शनाच्या तोंडावर. पाण्याच्या अपव्ययाच्या प्रकल्पात मोठा आकडा आकर्षक दिसतो, त्यामुळे तो खाली आणायला कोणालाच मनापासून आवडत नाही. गटात यावर कोण काय म्हणाले, तुझे मत सुरुवातीला काय होते आणि ते कशामुळे बदलले, शिपाईकाकांना विचारावे हे कोणाला सुचले, हे सगळे लिहिण्याजोगे आहे. शाळेच्या पाण्याची खरी माहिती टाकी भरणाऱ्या माणसाकडे असते हे ज्याला सुचले, त्याने माहिती मिळवण्याचे एक कौशल्य दाखवले आहे. ते तुला सुचले नसेल तर श्रेय ज्याचे त्याला दे.

हाच प्रसंग वहीत साधारण कसा उतरेल, त्याचा एक नमुना देते. हा उतरवून घेऊ नकोस, कारण तुझा प्रसंग तुझ्या तपशिलांसह यापेक्षा वेगळा असणार.

‘पहिल्या मोजमापावरून आम्ही दिवसाला ३६ लीटर हा आकडा काढला होता आणि तो बदलू नये असे माझे मत होते, कारण तक्ता रंगवून झाला होता. दुपारचे मोजमाप वेगळे आल्यावर मी ते चुकले असेल असे म्हणालो. मग आम्ही दोघांनी घड्याळ लावून पुन्हा मोजले, तरी वेळ बारा मिनिटांच्या वरच आली. त्यानंतर कॉकच्या वेळा कळल्या आणि आमच्या हिशेबात रात्रही धरली गेली होती हे माझ्या लक्षात आले. नवीन तक्त्यावर आम्ही एक आकडा न लिहिता १२ ते १५ लीटर असे लिहिले आणि खाली मोजमापाच्या वेळा दिल्या. यानंतर कोणताही गुणाकार करण्याआधी तो किती तासांसाठी खरा आहे हे मी विचारतो.’

या परिच्छेदात एकाही कौशल्याचे नाव नाही. तरीही वाचणाऱ्याला मोजमाप, शंका घेणे, पुन्हा तपासणे, मत बदलणे आणि निष्कर्ष मर्यादेत मांडणे हे सगळे दिसते. शाळेने दिलेल्या नमुन्यात कौशल्याचे नाव लिहिण्याचा रकाना असेल तर तो अखेरीस भर. आधी प्रसंग लिहून घे, मग त्याला कोणते नाव शोभते ते पाहा. उलट क्रमाने गेलास, म्हणजे आधी ‘नेतृत्वगुण’ लिहून मग त्यासाठी उदाहरण शोधत बसलास, की ओढूनताणून आणलेले उदाहरण तयार होते.

आता नोंदींबद्दल, कारण खरी गोम तिथे आहे. प्रकल्प संपल्यावर महिनाभराने आठवून लिहायला बसले की अडचणी विसरलेल्या असतात आणि गुळगुळीत शेवट तेवढा आठवतो. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत प्रकल्प सादर करणाऱ्या मुलांकडून अहवालाबरोबर रोजच्या कामाची नोंदवहीही मागितली जाते. जाणकार परीक्षक आधी ती वही उघडतो. तारीख, कोण हजर होते, काय मोजले, काय फसले, पुढे काय करायचे ठरले, एवढ्या चार-पाच ओळी त्या त्या दिवशी लिहिलेल्या असल्या तर शेवटची दोन पाने जवळजवळ आपोआप तयार होतात. सुंदर अक्षरात, एकाच शाईने, एका बैठकीत लिहिलेली नोंदवही मात्र लगेच ओळखू येते. खऱ्या नोंदवहीत खाडाखोड असते आणि एखाद्या पानावर पाणीही सांडलेले असते.

तुझ्याकडे अशी वही नाही असे तू कळवले आहेस. हरकत नाही, अजून बरेच काही सापडू शकेल. कच्ची आकडेमोड केलेले कागद, गटाच्या व्हॉट्सॲपवरचे निरोप, मोबाइलवर काढलेली छायाचित्रे व त्यांच्या वेळा, आणि तो रद्द केलेला पहिला तक्ता, हे सगळे एकत्र कर. ‘उद्या कोण स्टॉपवॉच आणणार?’ या निरोपाला तीन दिवस कोणी उत्तर दिले नव्हते असे त्यात आढळले, तर वेळेच्या नियोजनाबद्दल लिहायला तुला खरा आधार मिळेल आणि ‘आम्ही वेळेचे काटेकोर नियोजन केले’ हे वाक्य तू स्वतःच खोडशील.

‘आम्ही’ आणि ‘मी’ यांचा प्रश्न नाजूक आहे, तो घाईने सोडवू नये. मुंबईत १९८१ पासून घेतल्या जाणाऱ्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीची मुले बसतात. लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या पुढच्या टप्प्यावर त्यांना कृती संशोधनाचा प्रकल्प करावा लागतो आणि मुलाखतही द्यावी लागते. मुलाखतीसमोर दुसऱ्याने केलेले काम टिकत नाही. ‘हे कोणी मोजले, तेव्हा तू काय करत होतास?’ असा साधा प्रश्न आला की मूल गडबडते. शाळेच्या वहीत मुलाखतीचा धाक नसतो, म्हणून तो प्रश्न तू स्वतःलाच विचार. गटाने केलेले काम ‘आम्ही’ने लिही, आणि त्यातील तुझा वाटा ‘मी’ने लिही, मग तो कितीही लहान असो. तुझा वाटा घड्याळ धरण्याचा आणि वेळ लिहून घेण्याचा असेल तर तोच लिही. अचूक वेळ लिहिणारा हात नसता तर दुपारचा फरक कोणाच्या लक्षातच आला नसता. सहकाऱ्याबद्दल तक्रार लिहायची असेल तर नाव न घेता काम सांग. ‘एक जण आला नाही, म्हणून दोन मजल्यांचे नळ मी एकट्याने मोजले’ एवढे पुरे, त्याच्या स्वभावाची चर्चा नको.

नेतृत्वाबद्दल तुला विशेष ओढ दिसते, त्यामुळे दोन वाक्ये त्यावर. गटप्रमुख म्हणून नाव लागणे हा नेतृत्वाचा पुरावा होत नाही. वाद चालू असताना ‘तिसऱ्यांदा मोजू आणि मग बोलू’ असे ज्याने सुचवले आणि ज्याचे सगळ्यांनी ऐकले, त्याने त्या दिवशी गट चालवला.

आनंद मेळाव्याबद्दल जरूर लिही, मात्र तिथेही ‘व्यवहारज्ञान मिळाले’ यावर थांबू नकोस. समज, तुम्ही भेळेसाठी ९०० रुपयांचे सामान आणले, त्यात ६० प्लेट होतील असा अंदाज होता आणि २० रुपयांना एक प्लेट विकली. एका प्लेटला १५ रुपये खर्च, म्हणून प्लेटमागे ५ रुपये नफा असे बहुतेक मुले अहवालात लिहितात. प्रत्यक्षात ४२ प्लेट गेल्या असतील तर हातात ८४० रुपये येतात, म्हणजे ६० रुपये तोटा, आणि घरी नेलेले मऊ चिरमुरे वेगळे. निदान ४५ प्लेट विकल्या गेल्या असत्या तरच घातलेले पैसे निघाले असते. मेळावा संपण्याआधी अर्धा तास दर १५ वर आणावा का, कांदा आधीच चिरून ठेवावा की मागणीप्रमाणे चिरावा, सुट्ट्या पैशांसाठी कोणाला पाठवावे, असे निर्णय तिथे उभ्याउभ्या घ्यावे लागतात. त्यातला एखादा तू घेतला असशील आणि त्याचा परिणाम तुला आठवत असेल, तर अर्धे पान त्याला दे. आठवत नसेल तर मेळावा सोडून दे. प्रत्येक उपक्रमाला हजेरी लावायलाच हवी असे नाही. स्नेहसंमेलन, सहल, प्रभातफेरी, वक्तृत्व स्पर्धा अशी यादी दिली की प्रत्येकाच्या वाट्याला एक पोकळ ओळ येते. दोन पानांत दोन प्रसंग पुष्कळ झाले.

शिकलेले अंगी बाणले की नाही, याची माझी एक कसोटी आहे. तेच काम दुसऱ्या ठिकाणी, कोणी न सांगता, तू केलेस का? नळाच्या प्रकल्पानंतर शाळेत लंबकाचा प्रयोग करताना तू एकाच आंदोलनाचा वेळ न मोजता वीस आंदोलनांचा मोजलास आणि तेही तीनदा केलेस, तर मोजमापाचे कौशल्य आले असे म्हणायला जागा आहे. घरातल्या विजेच्या बिलातील युनिटे तू वाचून पाहिलीस, तेही चालेल. दुसरीकडे कुठेच वापरले नसेल तर ‘आले’ असे न म्हणता ‘या प्रकल्पात केले’ असे म्हण. दाव्याचा आकार पुराव्याएवढाच ठेवावा.

या बाबतीत एक गोष्ट मला नेहमी खटकते. आपल्याकडे पोकळ वाक्ये मुलांनी शोधून काढलेली नाहीत, ती त्यांनी मोठ्यांकडून उचलली आहेत. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. आकारिक मूल्यमापनात निरीक्षण, उपक्रम, प्रकल्प ही साधने आली आणि प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने वर्णनात्मक नोंद लिहावी असे ठरले. कल्पना उत्तम होती. पण पन्नास-साठ मुलांच्या वर्गात त्या नोंदींच्या छापील पुस्तिका बाजारात यायला वेळ लागला नाही, आणि ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य प्रगतिपुस्तकांमागून प्रगतिपुस्तकांत उतरत गेले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जे समग्र प्रगतिपत्रक सुचवले आहे, त्यात शिक्षकांच्या नोंदींबरोबर विद्यार्थ्याचे स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायांनी केलेले मूल्यमापनही अपेक्षित आहे. म्हणजे अशी दोन पाने तुला आणि तुझ्या मागून येणाऱ्या मुलांना वारंवार लिहावी लागणार आहेत. त्यांचेही छापील नमुने निघतील. ते विकत घेऊ नयेत.

विकत घेण्यावरून आठवले. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा तयार प्रकल्प किंवा वडिलांनी रात्री जागून केलेली थर्माकोलची प्रतिकृती हे काही गुपित राहिलेले नाही. तुझा प्रकल्प तसा नाही, हे तुझ्या आकड्यांच्या गोंधळावरूनच कळते. तयार प्रकल्पात दोन मोजमापे कधी वेगळी येत नाहीत. पण एखाद्या भागात घरच्यांची मदत झाली असेल, समजा वॉशर बदलून गळती थांबते हे काकांनी करून दाखवले असेल, तर तसे लिही. त्यांनी केलेले पाहून दुसरा नळ तू स्वतः खोलला असशील, आधी कॉक बंद करायला विसरून भिजलाही असशील, तर ते नक्कीच लिही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्याच्या याच भूमिकेतून. वेल्डिंग करून बनवलेले स्टूल डगमगते की नाही हे त्यावर बसल्यावर कळते, तिथे कौशल्याचे वर्णन करण्याची गरज पडत नाही. शाळेतल्या प्रकल्पात बसून पाहण्याजोगे स्टूल क्वचितच असते, म्हणून तर आपल्याला लिहावे लागते.

तुझा शेवटचा प्रश्न, काहीच शिकलो नसलो तर काय लिहावे. एखाद्या प्रकल्पात तुझा सहभाग नावापुरता असू शकतो, तसे सर्वांचे होते. तेव्हा तुला दिलेले काम काय होते, ते का झाले नाही किंवा का सोपे गेले आणि पुन्हा तोच प्रकल्प मिळाला तर कोणते काम तू मागून घेशील, एवढे लिही. ‘पुढच्या वेळी अधिक मेहनत घेईन’ हे वाक्य नको. ‘पुढच्या वेळी मोजमापाची जबाबदारी मी घेईन, कारण या वेळी मी फक्त तक्ता रंगवला’ हे चालेल. गुण कमी होतील अशी भीती वाटत असेल तर शिक्षकांना आधी विचार. ज्यांनी ‘यात तू कुठे आहेस?’ असे विचारले, ते खऱ्या उत्तराबद्दल गुण कापतील असे मला वाटत नाही.

वही पुन्हा देताना सुधारलेल्या तक्त्याबरोबर ३६ लीटरचा जुना तक्ताही घडी घालून जोड, आणि त्याच्या कोपऱ्यात तो कोणत्या तारखेला व कशामुळे रद्द झाला ते एका ओळीत लिहून ठेव.